श्वास घ्या, रोखून धरा

दिवाळीच्या मागेपुढे दरवर्षी ८ नोव्हेंबर ही तारीख येते. १८९५ साली याच दिवशी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, म्हणून हा दिवस जागतिक रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. डॉक्टर दिनाच्या, परिचारिका दिनाच्या बातम्या आपण वाचतो. या दिवसाची बातमी क्वचितच दिसते. रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांची असते आणि एक्स-रे काढणारा माणूस बिननावाचाच राहतो. बटण दाबायला चार वर्षं कशाला शिकायचं, असा प्रश्न बारावीच्या निकालानंतर कित्येक घरांत विचारला जातो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी वाट सांगतो. महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी घेता येते. तीन वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. काही विद्यापीठांत मेडिकल इमेजिंगची बीएस्सी आहे, कमी मुदतीच्या पदविकाही आहेत. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकावी लागते. मनगटातल्या आठ हाडांची नावं आणि जागा पाठ नसतील, तर त्यांतल्या स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर दिसावं म्हणून हात कसा वळवायचा हे कळणारच नाही.

मग येतं भौतिकशास्त्र. एक्स-रे ट्यूबमध्ये टंगस्टनवर वेगाने इलेक्ट्रॉन आदळतात. त्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का भाग क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडतो, बाकीची उष्णता होते. किरण किती आरपार जाणार हे केव्हीवर, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजवर ठरतं आणि किती किरण जाणार हे एमएएसवर, म्हणजे विद्युतप्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकारावर. लुकड्या आजोबांची छाती, पैलवानाची कंबर आणि तीन महिन्यांचं बाळ यांना एकच आकडे लावून चालत नाही.

या शिक्षणाचा गाभा मला इथे दिसतो. फिल्म आणि डार्करूमच्या काळात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची. चूक तिथल्या तिथे उघडी पडायची. डिजिटल यंत्र प्रतिमा सावरून घेतं. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार येतं, पण गरजेपेक्षा जास्त दिले तर ते देखणंच येतं. साहजिकच हात जास्तीकडे झुकतो. रुग्णाला काही कळत नाही, डॉक्टर स्वच्छ चित्रावर खूश असतात. जास्तीचा डोस गेला हे फक्त रेडिओग्राफरला कळू शकतं, तेही त्याने प्रतिमेसोबत येणारा एक्स्पोजर इंडेक्स पाहिला तर. कुणी विचारणार नसताना तो आकडा पाहायची सवय लावणं, यासाठी वर्षं लागतात.

छातीचा साधा एक्स-रे घ्या. रुग्ण डिटेक्टरकडे तोंड करून उभा, ट्यूब पाठीमागे सुमारे सहा फुटांवर. हृदय पुढच्या बाजूला असतं. छाती डिटेक्टरला टेकवली की त्याची सावली उगाच मोठी येत नाही. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. उजव्या-डाव्याची खूण लावायची. आणि मग, ‘श्वास घ्या, रोखून धरा.’ श्वास अर्धवट घेतला तर फुप्फुसाच्या तळाशी नसलेला आजार दिसू शकतो. छातीवर लोंबणारी घट्ट वेणीसुद्धा सावली पाडते, म्हणून ती वर बांधायला सांगतात. गळ्यातला ताईत, ब्लाऊजचे हुक, मंगळसूत्र यांचंही तेच. साठीच्या बाईंना मंगळसूत्र काढायला सांगणं अवघड असतं. ‘काढा ते’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. ‘आई, एवढं दोन मिनिटं मुलीच्या हातात द्या, फोटो स्वच्छ येईल,’ असं म्हणणारी विद्यार्थिनी ते इंटर्नशिपमध्ये ज्येष्ठांकडे पाहून शिकते. तरुण बाईला पाळीची तारीख विचारायची असते, गरोदरपणाची शक्यता तपासायची असते. ती सासूसमोर, चढ्या आवाजात विचारायची नसते.

सराव करताना विद्यार्थी एकमेकांना टेबलावर झोपवून पोझिशन लावतात, पण बटण दाबत नाहीत. केवळ शिकण्यासाठी माणसाला किरण द्यायचे नाहीत, हा नियम आहे. त्यामागे जुनं दुःख आहे. सुरुवातीच्या काळात यंत्र नीट चालतंय का, हे लोक स्वतःचा हात धरून पाहत. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली किरणांच्या इजांमुळे १९०४ साली गेले. अशा बळींसाठी १९३६ मध्ये हॅम्बुर्ग इथे स्मारक उभारलं, त्यावर आरंभीच दीडशेहून अधिक नावं होती.

आज आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. या मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. शिसं असलेल्या अ‍ॅप्रनच्या आत छातीवर किरणांचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज लावायचा आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला पाठवायचा. या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. तुलनेसाठी, छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला ०.१ मिलिसिव्हर्टहूनही कमी डोस मिळतो, पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ५ ते १०. नियम पाळणाऱ्या रेडिओग्राफरने घाबरण्याचं कारण नाही. ‘एक्स-रेत काम केलं की मूल होत नाही’ ही भीती आजही मुलींच्या लग्नाच्या बोलण्यात निघते. ती सोडून द्यायला हवी.

एमआरआयचा धोका वेगळा. तिथे क्ष-किरण नसतात, पण चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन नसतानाही. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक जिवाला मुकला. दारावर उभं राहून घाईतल्या वॉर्डबॉयला आणि वरिष्ठ डॉक्टरलाही ‘थांबा’ म्हणण्याची हिंमत शिक्षणातूनच येते.

सोनोग्राफी मात्र या मुलांच्या हाती नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे ती नोंदणीकृत डॉक्टरच करतात. परदेशातली माहिती वाचून प्रवेश घेणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि या पेशाला त्यात जागा मिळाली. तरी गल्लीबोळात ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन’ असे फलक दिसतातच. म्हणून पालकांनो, फी भरण्यापूर्वी महाविद्यालयात स्वतः जा. विद्यापीठाची मान्यता कागदावर पाहा. कोणतं रुग्णालय जोडलेलं आहे, तिथे रोज किती रुग्ण येतात, सीटी आणि एमआरआय आहेत का, हे विचारा. आणि विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज देता का, हे नक्की विचारा. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर तिथे मुलांना घालू नका.