अणुभट्टी थांबली तरी वर्ग चालू हवा

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात भट्टी विझवली की उष्णता ओसरत जाते. अणुभट्टीचे तसे नसते. नियंत्रक दांडे खाली सोडून अणुविखंडनाची साखळी थांबवली, तरी त्या क्षणी भट्टीच्या पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता इंधनातून बाहेर पडतच असते. विखंडनातून तयार झालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा क्षय सुरू असल्यामुळे हे घडते. ही उष्णता तासागणिक कमी होते, पण तोवर इंधनाभोवती पाणी फिरते ठेवावेच लागते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मागून आलेल्या त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि बंद भट्ट्यांमधले इंधन वितळले.

उत्तम यंत्र अभियंत्यालाही हे वेगळे शिकावे लागते. न्यूट्रॉन कसे वागतात, त्यांच्या माऱ्याने पोलाद कसे ठिसूळ होते, किरणोत्सर्गाची मात्रा कशी मोजायची, वापरलेले इंधन कसे साठवायचे, हे नेहमीच्या पदवीत फारसे येत नाही. त्यासाठी खास अभ्यासक्रम लागतो. मात्र नवी वीज केंद्रे उभी राहत नसतील, तर हा अभ्यासक्रम चालवायचा कसा? ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर महाग किंमत मोजून शोधले.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये कॅल्डर हॉल हे अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी बर्मिंगहॅम विद्यापीठाने अणुभट्ट्यांचे भौतिकशास्त्र व तंत्रज्ञान हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे काही विद्यापीठांनी शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी स्वतःच्या लहान अणुभट्ट्याही उभारल्या. नंतर उत्तर समुद्रातला स्वस्त वायू आला, १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली, वीज उद्योगाचे खासगीकरण झाले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या साइझवेल-बी नंतर नवे केंद्र उभारणे थांबले.

त्याचा परिणाम विद्यापीठांत हळूहळू दिसला. नोकऱ्या दिसेनात म्हणून विद्यार्थी घटले. विद्यार्थी घटले म्हणून निवृत्त प्राध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. लंडन, रिस्ले आणि ईस्ट किलब्राइड येथील विद्यापीठांच्या अणुभट्ट्या एकामागून एक बंद झाल्या. इम्पिरियल कॉलेजची ‘कॉन्सॉर्ट’ ही शेवटची भट्टी २०१२ मध्ये थांबली. त्याआधीच, २००२ मध्ये, देशाच्या अणुसुरक्षा निरीक्षकांनी विद्यापीठांची पाहणी केली होती. तेव्हा अणुअभियांत्रिकीचा एकही पदवी अभ्यासक्रम उरलेला नव्हता. हातावर मोजण्याइतके पदव्युत्तर वर्ग कसेबसे तग धरून होते.

नवी केंद्रे नसताना एवढी चिंता कशाला, असे कुणाला वाटेल. पण चालू भट्ट्या चालवायला, थकलेल्या भट्ट्या मोडायला आणि कचरा सांभाळायला माणसे लागतातच. सेलाफील्ड येथील जुन्या अणुसंकुलाची साफसफाई पुढची शंभर वर्षे चालेल, असा अंदाज आहे. शिवाय सुरक्षिततेवर नजर ठेवणारा निरीक्षकही कुठल्यातरी वर्गातूनच यावा लागतो. ही पाहणी निरीक्षकांनीच का केली, याचे उत्तर त्यात आहे.

उपाय म्हणून २००५ मध्ये मँचेस्टरच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठे व संस्था एकत्र आल्या. एका विद्यापीठात चार-पाच विद्यार्थी आणि एक-दोन जाणकार प्राध्यापक असतील, तर पूर्ण अभ्यासक्रम चालवणे परवडत नाही. म्हणून विषय वाटून घेतले गेले. जिथे ज्या विषयाचा शिक्षक, तिथे तो विषय. प्रत्येक विषयाचे प्रत्यक्ष अध्यापन एका आठवड्यात आटोपायचे आणि गृहपाठ नंतर करायचा. त्यामुळे नोकरीत असलेला अभियंताही एकेका आठवड्याची रजा काढून काही वर्षांत पदवी मिळवू शकतो. एकाच बाकावर नवखा पदवीधर आणि भट्टीवर काम केलेला माणूस बसतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

अर्थात अडचणी संपलेल्या नाहीत. सरकारी अनुदानाला मुदत असते. कंपन्यांच्या शुल्कावर चालणारा वर्ग एखादा प्रकल्प लांबणीवर पडला की डळमळतो. साइझवेल-बी नंतरचा पुढचा प्रकल्प म्हणजे हिंकली पॉइंट-सी. त्याच्या पहिल्या भट्टीच्या पायाचे काँक्रीट पडायला २०१८ उजाडले. मधल्या काळात एक पिढी निवृत्तीला आली. २०२४ मध्ये ब्रिटनने अणुकौशल्यांचा राष्ट्रीय आराखडा आणला. त्यात या क्षेत्रात पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या चौपट करण्याचे उद्दिष्ट आहे. पण त्यांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक एका रात्रीत तयार होत नाहीत.

भारताने सुरुवातीपासून वेगळी वाट धरली. ‘अप्सरा’ भट्टी १९५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेला अणुऊर्जा विभागाचे प्रशिक्षण विद्यालय उघडले. निवडलेल्या पदवीधरांना विद्यावेतन देऊन वर्षभर शिकवायचे आणि विभागातच नोकरी द्यायची, ही ती पद्धत. त्यामुळे हा वर्ग बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहिला नाही. कर्करोग रुग्णालयांत रुग्णाला द्यायच्या किरणांची मात्रा काटेकोर ठरवणाऱ्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांनाही ट्रॉम्बे १९६२ पासून घडवत आले आहे.

आता मात्र परिस्थिती बदलते आहे. २०४७ पर्यंत अणुवीज क्षमता १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. तेव्हाची क्षमता होती आठ गिगावॉटच्या थोडी पुढे. खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात आणायचे आहे. एका सरकारी विभागाने स्वतःच्या गरजेपुरती माणसे घडवून एवढा पल्ला गाठणे अवघड. विद्यापीठांना त्यात उतरावे लागेल, आणि तिथे ब्रिटनचा अनुभव कामी येईल. प्रत्येकाने आपापला छोटा वर्ग काढण्यापेक्षा शिक्षक आणि प्रयोगशाळा वाटून वापरणे परवडते. उद्योगाने शुल्कासोबत आपली माणसेही शिकायला आणि शिकवायला पाठवायला हवीत. मुख्य म्हणजे, प्रकल्प रखडलेल्या वर्षांतही वर्ग चालू ठेवण्याची तरतूद आधीच हवी.

हिंकली पॉइंटसारखी नवी भट्टी साठ वर्षे चालेल अशी आखलेली असते. ती मोडण्याचे काम ज्यांच्या हाती येईल, त्यांचा अजून जन्मही झालेला नाही. त्यांना शिकवणारे शिक्षक मात्र मधल्या साठ वर्षांत सलग घडत राहावे लागतील.