ओढण्याची मजुरी

लॅब्रेडॉर लीश ओढतो, कारण ओढलं की झाड जवळ येतं. त्याला मालकावर हुकूमत गाजवायची नसते, आणि फाजील लाडांशीही याचा फारसा संबंध नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडतं आणि बाहेर खाऊ मिळतो, असा अनुभव येत गेला तशी मांजरं तेच करू लागली, हळूहळू अधिक लवकर. आपल्या सोसायट्यांमधली कुत्री रोज सकाळी हाच धडा गिरवतात. लिफ्टचं दार उघडतं, कुत्रा गेटकडे झेपावतो आणि मागून फरपटत येणारे काका ‘अरे हळू, हळू’ म्हणत चार पावलं टाकतातच. काकांचे शब्द हवेत विरतात. ती चार पावलं मात्र ओढण्याची मजुरी म्हणून जागच्या जागी चुकती होतात.

मुळात दोघांची चाल जुळत नाही. माणूस रमतगमत तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. मध्यम चणीच्या कुत्र्याची सहज दुडकी चाल त्याहून बरीच वेगवान. त्यात अंगावर ताण आला की उलट जोर लावायचा, ही प्राण्यांची स्वाभाविक खोड. बर्फावर गाडी ओढणाऱ्या हस्कींना म्हणूनच छाती-खांद्यांवर भार पसरेल असे पट्टे घालतात. पाठीवर कडी असलेला हार्नेसही तेच काम करतो. गळ्याला त्रास होत नाही, पण ओढणं सुखाचं होतं! कुत्रा ओढू नये म्हणून नेमका हाच हार्नेस हौसेने आणणारे पुष्कळ आहेत. छातीवर कडी असेल तर ओढताना कुत्र्याचं अंग बाजूला वळतं आणि जोर वाया जातो. शिकवेपर्यंत निभावून न्यायला तो बरा. आपोआप लांब-आखूड होणारी लीश मात्र या काळात घरीच ठेवावी, तिच्यातली स्प्रिंग सतत थोडा ताण देतच असते.

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हार्नेसच घालावा. गळपट्ट्याच्या ओढीने श्वास कोंडतो, डोळ्यांतला दाबही वाढतो. आपल्या देशी कारवान जातीच्या कुत्र्याची अडचण वेगळी. त्याची मान जवळपास डोक्याइतकीच जाड, त्यामुळे साध्या पट्ट्यात तो मागे सरकला की सुटलाच. त्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा हवा. काटेरी पट्ट्याच्या वाटेला जाऊच नये. समोर दुसरं कुत्रं दिसलं की गळ्याला टोचतं, एवढीच सांगड कुत्र्याच्या डोक्यात बसली, तर उद्या तो त्या कुत्र्यावरच धावून जाईल.

शिकवणीला घरातला पॅसेज पुरतो. पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे खिशात ठेवायचे. कुत्रा शेजारी चालतोय, लीश सैल आहे, तेवढ्यात तुकडा द्यायचा, तोही आपल्या पँटच्या शिवणीपाशी. हात पुढे करून दिलात तर तो पुढेच येऊन उभा राहील. लीश ताणली की थांबायचं. हिसका नको, ओरडा नको. तो वळून बघतो, अर्धं पाऊल मागे येतो, लीशचा मधला भाग खाली झुकतो. त्या क्षणी शाबासकी द्यायची आणि चालू लागायचं.

रस्त्यावर खाऊपेक्षा मोठं बक्षीस असतं ते वासाचं. पार्क केलेल्या स्कूटरचं चाक म्हणजे कुत्र्याचं आजचं वर्तमानपत्र. सैल लीशने तिथवर आला तर ते त्याला निवांत वाचू द्यावं. दर दोन मिनिटांनी ‘चल, चल’ करणाऱ्यांना फिरायला नक्की कोणाला न्यायचंय, असा प्रश्न मला पडतो.

खरी ग्यानबाची मेख घरच्यांत आहे. आई थांबते, बाबा घाईत ओढू देतात, आजोबांना नातवाइतकंच त्याचंही मन मोडवत नाही. कधी पगार मिळतो, कधी नाही, अशा वेळी कुत्रा सोडून देत नाही, उलट जास्त चिकाटीने ओढतो. घाईच्या दिवसांसाठी एक युक्ती आहे. शिकवणीला लीश गळपट्ट्याला आणि घाईत हार्नेसच्या पाठीला लावायची. दोन कड्या, दोन नियम, हा फरक कुत्र्यांना कळतो. पगची सोय अर्थात हार्नेसच्याच पुढच्या आणि मागच्या कडीने करायची.

गल्लीतली भटकी कुत्री दिसली की आपला हात नकळत लीश आवळतो. आपल्या कुत्र्याची छाती पुढे येते, मान ताठ होते आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. ती उठायच्या आधीच, लीश सैल ठेवून, लांबून वळसा घालावा.

कुत्रं फिरवायला माणूस ठेवला असेल तर सुरुवातीला त्याच्याबरोबर स्वतः जावं आणि ताणली की थांब, हे दाखवून द्यावं. एका हातात चार लीश आणि दुसऱ्या हातात मोबाइल असलेल्याला ते जमायचं नाही. त्याला दोन पैसे जास्त देऊन आपल्या कुत्र्याला एकट्यालाच न्यायला सांगावं.