शेरूलाही गाडी लागते

मे महिना लागला की पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या गाड्यांत आजीशेजारी हमखास एखादं कुत्रं बसलेलं दिसतं. आजीसाठी आल्याच्या वड्या आणि पिशवी हाताशी असते. शेरूला मात्र गाडी लागत नाही, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

ती लागते, आणि चांगलीच लागते. तोल सांभाळणारी यंत्रणा कुत्र्याच्याही आतल्या कानातच असते. पिल्लांना हा त्रास अधिक. उलटीआधी कुत्रं सूचना देत असतं: लाळ गळते, ओठ चाटणं आणि कुईकुई सुरू होते, एकामागून एक जांभया येतात. त्या जांभयांवर ‘दमला बिचारा’ असा शेरा मारून मंडळी अंताक्षरीकडे वळतात! निघण्याआधी तीन-चार तास खाणं टाळलं आणि पाणी थोडं थोडं दिलं, तरी बराच फरक पडतो. आजीची गोळी अर्धी करून देणं मात्र नको. प्राण्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं वेगळं औषध आहे. त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

खिडकीबाहेर तोंड काढून वारा खाणाऱ्या कुत्र्याचा फोटो झकास येतो. डोळ्यात खडी-धूळ जाते, ती फोटोत दिसत नाही.

‘मांडीवर घट्ट धरलंय ना!’ हा दिलासाही फसवा. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबते, तेव्हा आतल्या मोकळ्या शरीराला बसणारा दणका साधारण 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. 20 किलोचं लॅब्रॅडॉर तेव्हा कुणाच्या हातात राहत नाही. पट्टा गळ्याला नव्हे, छातीच्या हार्नेसला अडकवावा, आणि कुत्रं मागच्या सीटवरच असावं. पुढे एअरबॅगचा धोका. पण पाकिटावर ‘सेफ्टी’ छापलेलं असलं म्हणून भुलू नये. अमेरिकेत 2013 साली हार्नेसच्या आदळ-चाचण्या झाल्या, त्यात बहुतेक नापास ठरले.

सगळ्यांत घातक समजूत शेवटी: ‘काच थोडी खाली आहे, पाच मिनिटांत येतो.’ अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं तापमान मोजलं होतं. बाहेर 22 अंश असो की 36, तासाभरात आतला पारा सरासरी 22 अंशांनी चढला, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवून फारसं काही साधलं नाही. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापांवर, आणि कोंदट गरम हवेत धापाही कामाच्या राहत नाहीत. चपट्या नाकाच्या पगचे हाल तर विचारूच नयेत. शरीराचं तापमान 41 अंशांपुढे गेलं की जिवावर बेततं. कुत्रं लटपटू लागलं, तर आधी अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि मग दवाखाना गाठा.

माणगावला चहासाठी थांबलात, तर आळीपाळीने प्या. एकाने शेरूला घेऊन सावलीत उभं राहायचं.