बेंजोचे आजोळ

कोकणात गणपती विसर्जनाला निघाला की त्याच्यापुढे ढोल असतो, ताशा असतो, आणि कित्येक वर्षांपासून बेंजोही असतो. वाडीतल्या हळदीला किंवा सत्यनारायणाच्या रात्रीच्या करमणुकीला 'बेंजो पार्टी'ला सुपारी दिल्याखेरीज यजमानाला कार्य साजरे झाल्यासारखे वाटत नाही. या बेंजोचे आजोळ कुठले, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारले तर मोठी मौज आहे. पेटीसारख्या पट्ट्या दाबून तारा छेडायचे हे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात ते 'ताइशोगोतो' या नावाने जन्मले आणि हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. म्हणजे अंग जपानचे. पण नाव? ते ज्या वाद्यावरून घेतले, तो खरा बँजो आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी अमेरिकेच्या बाजूच्या बेटांवर व मळ्यांवर घडवला. हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांनी भोपळ्यावर कातडे ताणले, त्याला दांडी बसवली, तारा लावल्या आणि मायदेशच्या वाद्यांची आठवण जागी ठेवली.

आफ्रिकेचे संगीत आपल्या घरात असे नाव आणि वेश पालटून पुष्कळदा आले आहे. कधी ते रेडिओतून आले, कधी तबकडीवरून, तर कधी आईच्या गुणगुणण्यातून. ते आणले कोणी, हा प्रश्न घेऊन मागे जाऊ लागलो तर वाट मुंबईच्या धोबीतलावावर आणि तिथून थेट गोव्याच्या चर्चपर्यंत जाते. या वाटेवर भेटणाऱ्या माणसांची नावे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहेत. त्यांचे थोडे देणे फेडावे, एवढ्यासाठी हा लेख.

आधी या संगीताची ओळख करून घेऊ. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स म्हणून शहर आहे. तिथल्या 'काँगो स्क्वेअर' या मैदानात एकोणिसाव्या शतकात गुलाम लोक रविवारच्या सुट्टीत जमत, ढोल बडवीत आणि नाचत. त्या ढोलांची लय, मळ्यांवर काम करताना म्हटलेली गाणी, चर्चमधली भजने आणि गोऱ्या पलटणींच्या बँडची पितळी वाद्ये यांची गाठ त्या शहरात पडली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातून जॅझ उभा राहिला. पुढे चर्चमधली तीच आर्त पुकार प्रेमगीतात उतरली, तेव्हा १९५०च्या सुमारास 'सोल' नावाची गायकी तयार झाली.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या रत्नागिरीकडचे नमन किंवा जाखडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, पुढचा गायक ओळ टाकतो आणि पाठची मंडळी ती उचलून धरतात. आफ्रिकी गाण्याचा प्राण हाच. आपला तबलजी समेच्या किंचित आधी किंवा नंतर ठोका देऊन ऐकणाऱ्याला चकवतो, त्याला आपण अतीत आणि अनागत म्हणतो. जॅझमध्ये हा चकवा सदोदित चाललेला असतो. कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधोमध कुठेतरी रेंगाळणारा जो हळवा स्वर जॅझवाले लावतात, तो पेटीवर सापडत नाही. आपल्या गवयाच्या गळ्यात मात्र असले स्वर नेहमीच असतात. आणि ठरलेल्या चौकटीत वादकाने आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे, ही तर आपल्या बैठकीचीच रीत.

मुंबईत हे संगीत रुजायला निमित्त झाले ताजमहाल हॉटेल. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन तिथे वाजवायला आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ हे कॉर्नेटवादक आले आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसता येत नसे, ती ही माणसे पूर्वेकडे मानाने राहिली. वेदरफोर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. या मंडळींच्या ताफ्यांत हळूहळू आपल्याकडच्या वादकांना जागा मिळू लागली, आणि ते बहुतेक गोमंतकीय होते.

गोमंतकीयच का, याचे उत्तर चर्चला जोडलेल्या शाळेत आहे. पोर्तुगीजांनी गावोगावच्या चर्चबरोबर संगीताच्या शाळा चालवल्या. प्रार्थनेच्या वेळी गायला आणि व्हायोलिन वाजवायला मुले हवीत, हा त्यांचा हेतू. पण त्यातून पिढ्यान् पिढ्या कागदावरची स्वरलिपी वाचणारी पोरे तयार झाली. गावात शेती तुटपुंजी, नोकरी नाही. मग व्हायोलिनची पेटी काखोटीला मारून ही पोरे मुंबईची वाट धरीत. पणजीहून मुंबईला जाणारी बोट मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाई. आपल्याकडचा चाकरमानी ज्या बोटीत गिरणीतल्या नोकरीसाठी चढला, त्याच बोटीत हे वादकही होते. आपल्या माणसाने गिरणगावात गावकीची खोली केली, त्यांनी धोबीतलावाच्या आसपास गावाच्या नावाचे 'कूड' केले. एकच बोट, एकच पोटापाण्याची निकड. हातातले हत्यार तेवढे निराळे.

या पोरांतला एक अँतोनियो झेवियर वाझ. बार्देशातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६चा. मुंबईत त्यांनी 'चिक चॉकलेट' हे नाव घेतले आणि ट्रम्पेट हाती धरली. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांच्या तबकड्या ऐकून ऐकून चिक यांनी ती फुंक, तो घोगरा गळा, हातातला रुमालसुद्धा असा काही आत्मसात केला की मुंबई त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागली. ताजमध्ये त्यांचा स्वतःचा ताफा वाजू लागला. पण १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतल्या रात्री सुन्या पडू लागल्या. वादकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच वेळी चित्रपटाच्या स्टुडिओंनी दार उघडले.

तिथे त्यांची गाठ पडली एका मराठी माणसाशी. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. जन्म १९१८, गाव पुणतांबे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस रागदारीत मुरलेला होता आणि कान मात्र चारी दिशांना उघडे ठेवून होता. १९५१ साली भगवानदादांनी 'अलबेला' काढला, त्याचे संगीत सी. रामचंद्रांचे. चिक चॉकलेट त्यात साहाय्याला होते, आणि आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसले. 'शोला जो भडके' या गाण्यात बाँगो वाजतो, त्याच्या जोडीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. बाँगो ही जोडढोलकी क्यूबाच्या पूर्व भागातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची. म्हणजे आफ्रिका क्यूबात गेली, क्यूबा न्यू यॉर्कला गेला, तिथून तबकडीवर बसून तो मुंबईस आला आणि गिरणीत कष्ट केलेल्या एका मराठी माणसाच्या कमरेला येऊन भिडला! भगवानदादांचा तो संथ, पाऊल मोजून टाकलेला नाच पुढे गणपतीच्या मिरवणुकीत घरोघरच्या पोरांनी उचलला. त्याच चित्रपटातले अंगाईगीत मात्र पिलूच्या अंगाने जाते. दोन्ही गाणी एकाच हातची, हेच सी. रामचंद्रांचे मोठेपण. १९५७ साली 'आशा' चित्रपटातले 'ईना मीना डीका' आले, तेव्हा त्या वरवर निरर्थक शब्दांत साधा कोकणी नकारही येऊन बसला होता. मूळ जिथले असेल तिथले असो, गाणे धोबीतलावावरून आल्याची ती खूण.

हे काम चाले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगे. गोमंतकीय संयोजक ती कागदावर उतरवी, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे ते लिही, आणि व्हायोलिनांचा सगळा जथा एका दमात वाजू लागे. एकीकडे तबला आणि सारंगी घेऊन उस्ताद मंडळी बसलेली असत, दुसरीकडे कोटातले गोमंतकीय. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे मुख्य सुरांना समांतर अशी जी दुसरी सुरावट वाहते, ती सेबास्टियन डिसोझा यांची. हे फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात ताफा चालवीत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले. प्यारेलालनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव एका गाण्यात गोवले, आणि सारा देश ते नाव हसत हसत गाऊ लागला. ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

इथेच या हकिकतीतली खंत आहे. तबकडीवर गायकाचे नाव छापले जाई, संगीतकाराचे छापले जाई; वाजवणाऱ्याचे नाव क्वचितच. चित्रपटाच्या नामावलीत संयोजक दिसलाच तर 'साहाय्यक' म्हणून. रोजंदारी घ्यायची आणि घरी जायचे. चिक चॉकलेट १९६७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर गेले. ज्या घरांतून 'अलबेला'च्या तबकड्या झिजेपर्यंत वाजल्या, त्यांतल्या किती घरांना ही वार्ता कळली असेल? भगवानदादा तर नायक; पण त्यांचीही अखेरची वर्षे दादरच्या चाळीत गेली आणि २००२ साली ते निवर्तले.

दोष केवळ धंद्याचा नाही, थोडा आपल्या अभिरुचीचाही आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना ओहोटी लागली. शास्त्रीय संगीत घरोघर जावे ही त्यांची तळमळ खरी होती, आणि तिचा पुष्कळ लाभही झाला. पण 'पाश्चात्य' म्हणून जे झिडकारले त्यात गोऱ्या साहेबाचे थोडे आणि काळ्या गुलामाचे फार होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. श्रोत्यांनी मग रेडिओ सिलोनचा काटा धरला. १९५७ साली विविध भारती सुरू करून आकाशवाणीला ती गाणी परत बोलवावी लागली.

गोमंतकीयांनी मात्र या सुरांना आपल्या भाषेचे अंगडे-टोपडे चढवले. मडगावकडचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांच्या चाली आणि लोर्ना कोर्देरो यांचा आवाज यांतून कोकणीत जी गाणी झाली, त्यांत जॅझची लय आहे, सोलची आर्तता आहे, आणि भाषा अशी की आपल्या मालवणी आजीला अर्थ सांगावा लागू नये. फ्रँक फर्नांड यांनी १९६३ साली 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट काढला. लोर्नाबाई मध्यंतरी कितीतरी वर्षे गाण्यापासून दूर होत्या. १९९५ साली त्या पुन्हा रंगमंचावर आल्या तेव्हा गोव्याने त्यांना डोक्यावर घेतले. या साऱ्या काळावर बार्द्रॉय बार्रेत्तो यांनी 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट केला आणि २०१४चा सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. उशिरा का होईना, वाजवणारा पडद्याच्या पुढे आला.

पण आफ्रिकेचे आपल्याशी असलेले नाते एवढ्यावर संपत नाही. ती काही केवळ तबकडीवरून आलेली नाही. आपल्या किनाऱ्यावर ती शतकानुशतके नांदते आहे. जंजिऱ्याचा सिद्दी आपण शाळेत शिकलो तो शिवछत्रपतींचा वैरी म्हणून. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले आणि सिद्दी आपल्या मनातून पुसला गेला. पण कारवारच्या बाजूला यल्लापूर-हल्याळच्या रानांत सिद्दी आजही आहेत. त्यांतले अनेक पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज. ते कोकणीचाच एक प्रकार बोलतात आणि सणासुदीला 'दमाम' नावाचा ढोल वाजवून नाचतात. गुजरातेत रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी जे नाचतात त्याला 'गोमा' म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल आणि नाचसुद्धा.

चिक चॉकलेट यांनी आफ्रिकेची लय सात समुद्रांपलीकडून, न्यू यॉर्कच्या तबकड्यांवरून उचलली. तीच लय दमामाच्या रूपाने त्यांच्या गोव्याच्या वेशीपाशी वाजत होती. या दोघांची भेट कोणी घालून दिली नाही. स्टुडिओच्या दाराशी सिद्दी कधी पोहोचला नाही, आणि स्टुडिओलाही तो आठवला नाही. यल्लापूर आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. आपल्याकडच्या मंडळांनी आणि महाविद्यालयांनी एखाद्या वर्षी दमामवाल्यांना बोलावावे, त्यांच्यापुढे आपला शिमग्याचा ढोल आणि नमनातला मृदंग ठेवावा, शेजारी एखादा गोमंतकीय ट्रम्पेटवाला बसवावा, आणि काय होते ते ऐकावे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मात्र वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापावे, ढोल धरणाऱ्याचेसुद्धा.