मोसंबी बागेतील हिवाळी पाहुणा : लाल छातीचा माशीमार ओळखा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पावसाळा सरला की मोसंबी, आंब्याच्या बागांत आणि बांधावरच्या बाभूळ-कडुनिंबावर चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी दिसू लागतो. याच सुमारास आंबिया बहाराच्या मोसंबीची छिद्रे पडलेली फळेही गळतात. त्यामुळे दोष या पक्ष्याला दिला जाऊ शकतो. प्रत्यक्षात तो कीटकभक्षी लाल छातीचा माशीमार (लिटकुरी) असतो.

पूर्व युरोप ते मध्य आशियातील जंगलांत वीण करून तो हिवाळ्यासाठी भारतात येतो व साधारण एप्रिलपर्यंत परततो.

ओळखीच्या खुणा

• आकार : लांबी ११ ते १२ सेंमी.
• शेपटी : ही सर्वांत खात्रीची खूण. काळसर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा. बसल्यावर शेपटी वारंवार वर उचलतो.
• छाती : नारिंगी रंग फक्त प्रौढ नराला. मादी व पहिल्या वर्षाचे पक्षी खालून मळकट पांढरे. त्यामुळे केवळ नावावरून शोधू नये.
• चोच : बारीक, खालच्या चोचीचे बूड फिकट.
• आवाज : कोरडा ‘टर्रर्र’.
• सवय : फांदीवरून झेप घेऊन उडता किडा टिपतो.

चिरक पक्षीही शेपटी उंचावतो. पण तो बहुधा जमिनीवर वावरतो आणि त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो.

मग फळे कोण टोचते?

मोसंबीवरील बारीक छिद्र बहुधा रस शोषक पतंगाचे असते. हा पतंग रात्री येतो, म्हणून दिवसा दिसत नाही. असे फळ दाबल्यास छिद्रातून रस उडतो. पुढे तेथे सड होऊन फळ गळते.

काय करावे?

• अंधार पडल्यावर विजेरी घेऊन बागेची पाहणी करावी.
• गळालेली फळे रोज गोळा करून नष्ट करावीत.
• पतंगाच्या अळ्या गुळवेल, वासनवेलीवर वाढतात. बागेभोवतीच्या अशा वेली काढाव्यात.
• सायंकाळी बागेत धूर करावा.
• बांधावरची झाडे राखावीत. गलोल, फासे टाळावेत.

माशीमार मित्रकीटकही खातो, तसेच तो दिवसा शिकार करतो. त्यामुळे तो पतंगाचा बंदोबस्त करील, असे गृहीत धरू नये. मात्र फळगळीचा दोष त्याचा नाही. पक्ष्यांना हुसकावण्यात वेळ गेला, तर पतंगाला मोकळे रान मिळते.