पोळ्याला ये अन् मग मोज

आखाडा बाळापूरला मामाने गावाबाहेर, नांदेड रस्त्याच्या अंगाला, प्लॉट घेऊन घर बांधलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्याच श्रावणात अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं ते पोळा झाला तरी हललं नाही. दुसऱ्या वर्षी एका ठेकेदाराने शोषखड्डा करून दिला. पावसाचं पाणी घटकाभरात जिरेल अशी त्याने खात्री दिली होती. श्रावणात त्या खड्ड्यात बेडकं राहायला आली.

मला तेव्हापासून या विषयाचं वेड लागलं. ते घरच्यांना कधी पटलं नाही. माती पाणी किती पिते हे सगळे विचारतात, मला प्रश्न पडला होता तो किती वेगाने पिते याचा. त्यासाठी एका मे महिन्यात मी त्याच अंगणात वीतभर रुंद, हातभर खोल खड्डा घेतला, त्यात फूटपट्टी उभी केली आणि घड्याळ घेऊन उकिडवा बसलो. पहिली बादली ओतली, ती गेली. दुसरी गेली. तिसरीला खड्ड्याच्या बाजूच्या भेगेतून बुडबुडे आले आणि तीही गेली. मामा बाजेवरून बघत होता.

"काय करायलास रे?"

"पाणी किती वेळात मुरतं ते मोजतोय, मामा."

"मिरगाच्या आधी ती सगळंच घेते. पोळ्याला ये अन् मग मोज."

मी वहीत आकडे लिहिले आणि त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढची काही वर्षं मी जे वाचत गेलो, ते सगळं त्या एका वाक्यापाशी येऊन थांबलं.

खड्ड्यात पाणी ओतून घड्याळ लावण्याची ही चाचणी न्यूयॉर्क राज्यातल्या हेन्री रायन नावाच्या आरोग्य अभियंत्याची. साल 1926. सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत जिरवायचं तर चर किती लांब लागेल, एवढाच त्याचा व्यवहारी प्रश्न होता. फूटभर चौरस खड्डा, त्यात पाणी, आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. आपल्याकडच्या भारतीय मानकातही मोजमाप तेच आहे. पाणी 25 मिलिमीटर उतरायला लागणारी मिनिटं, म्हणजे रायनचाच इंच मेट्रिक कपडे घालून आलेला. शेतीवाले आणि जलशास्त्राचे लोक लोखंडी कड्या वापरतात. 30 सेंटिमीटर व्यासाची एक आणि तिच्याभोवती 60 सेंटिमीटरची दुसरी, दोन्हींत पाणी. बाहेरचं पाणी आजूबाजूला पसरतं, आतलं सरळ खाली जातं, आणि मोजायचं ते आतलं.

मानकात एक पायरी मात्र अशी आहे की जी मी प्रत्यक्षात कुणाला करताना पाहिलेली नाही. फुगणारी माती असेल तर खड्डा आदल्या दिवशी भरून ठेवायचा, माती रात्रभर भिजू द्यायची आणि मोजणी दुसऱ्या दिवशी करायची. ही पायरी गाळली की काळ्या जमिनीत चाचणी करण्यात काही अर्थ उरत नाही. आमचा ठेकेदार तर मे महिन्यात आला होता आणि अर्ध्या तासात परत गेला होता.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. काळ्या मातीवरचं जुनं इंग्रजी लिखाण चाळताना मला एक प्रयोग सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. प्रयोग करणाऱ्याने काळी माती जवळजवळ कागद करपेल इतक्या आचेवर खडखडीत वाळवली आणि तोलली. वजन भरलं 2615.6 ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 170 ग्रॅम. मग ती दमट हवेत ठेवली. पाणी ओतलं नाही, नुसती ओली हवा. माती रोज थोडी थोडी जड होत गेली. काही आठवड्यांनी काटा 2828.4 ग्रेनवर थांबला. आठ टक्के वाढ, तीही हवेतून. दशांशापर्यंत तोलणारा तो माणूस आणि कौलारू बंगल्यातला त्याचा तराजू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या काळात या मातीवरून मोठा वाद चालू होता. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर फिरणारा डॉक्टर व्हॉयसी आणि 'सदर्न मराठा कंट्री' म्हणजे धारवाडकडच्या मुलखावर लिहिणारा डॉक्टर ख्रिस्ती, दोघंही म्हणत की ही माती काळा पाषाण झिजून झाली. याच्या विरुद्ध उभा राहिला कॅप्टन टॉमस न्यूबोल्ड. मद्रास फौजेतला माणूस, नोकरीपेक्षा दगडमातीत जास्त रमलेला. त्याचा मुद्दा असा की ही माती नुसत्या काळ्या पाषाणावरच नाही, ग्रॅनाइटवर आणि चुनखडीवरही पसरलेली आहे. मग ती त्या पाषाणाची कशी? त्याच्या मते ती पाण्याखाली साचलेला गाळ होती. शेवटच्या वर्षांत तो हैदराबादच्या रेसिडेन्सीत होता. हिंगोलीत तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तो कधी कयाधू ओलांडून इकडे आला का, याचा मी बराच शोध घेतला, हाती काही लागलं नाही. 1850 साली महाबळेश्वरला तो वारला.

गाळाची त्याची उपपत्ती टिकली नाही. आपल्या पठारावरची काळी माती बहुतांशी बेसाल्टचीच, हे आज पाठ्यपुस्तकात आहे. पण ती दुसऱ्या खडकांवरही तयार होऊ शकते, हे त्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. वादात हरलेल्या माणसाचं बरोबर निरीक्षणही त्याच्याबरोबर पुरलं जातं, याचा मला राग येतो.

मात्र या सगळ्या मंडळींची एक गफलत झाली. माती ओल किती धरते यावर ते इतके खूश होते की ती आत घ्यायला किती वेळ लावते हे कुणी मोजलं नाही. रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर कशी येते, याचं उत्तर त्या ओल धरण्यात आहे. मामाच्या अंगणाचं उत्तर तिथे नाही.

ते मिळालं पाटणचेरूला. आमच्या बाळापुरावरून जाणारा हाच रस्ता नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला जातो आणि तिथून पाटणचेरू जवळच. तिथे 1972 साली इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मोजला. पहिल्या अर्ध्या तासात ताशी 76 मिलिमीटर. पुढच्या अर्ध्या तासात 34. दुसऱ्या तासात 4. आणि पाणी तसंच ठेवून 144 तासांनी पाहिलं तर 0.21 मिलिमीटर.

हा शेवटचा आकडा मी कितीदा वाचला असेल. 76 कुठे आणि 0.21 कुठे! जमीन तीच, कडी तीच, फक्त सहा दिवस मधे गेले. त्या वेगाने 50 मिलिमीटर पाऊस मुरायला जवळजवळ दहा दिवस लागतील. आणि श्रावणात दहा दिवस कोरडे मिळतात कुठे?

कारण चिकणमातीच्या घडणीत आहे. या मातीचा कण म्हणजे पोथीसारखी एकावर एक पानं. ओल पानांमध्ये शिरते आणि पोथी फुगते. उन्हाळ्यात ती आकसलेली असते, म्हणून हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात मी तीन बादल्या ओतल्या, त्या मातीने प्यायल्याच नव्हत्या. त्या भेगांतून वाहून गेल्या होत्या. दोनचार दमदार पाऊस झाले की भेगा मिटतात आणि जमीन दार लावून घेते. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. वापसा हा शब्द ज्या भाषेत आहे तिला पाझराचा वेग ठाऊक आहे. वापसा येईपर्यंत औत घालायचं नाही, याचा अर्थच पाणी खाली जायला अवधी लागतो.

जुन्या लोकांना घराच्या बाबतीतही हे कळत होतं. गाव वसायचं पांढरीवर, पेरायचं काळीत. पांढरी म्हणजे राख, चुना, पडक्या भिंतींची माती साचून उंचावलेली जागा. पुरातत्त्ववाले तर पांढरीचं टेकाड दिसलं की खापरं शोधायला धावतात. ती माती फुगत नाही आणि पाणी उताराने निघून जातं. मामाचं जुनं घर गावठाणात, पांढरीवर होतं. तिथे पाणी साचल्याचं त्याच्या आईनेही पाहिलं नव्हतं. गावं पांढरी सोडून काळीत उतरली ती एनए प्लॉटच्या काळात. सोयाबीनच्या वावरात मुरूम टाकायचा, दगड रोवायचे आणि विकायचं. पाणी कुठे जाईल हे लेआउटच्या नकाशात कुणी विचारत नाही. रस्ता रुंद होऊन उंच झाला की उरलीसुरली वाटही बुजते.

इथे कुणीतरी नांदेड पॅटर्नची आठवण काढेल. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारं संपवली, डास घालवले. मला त्या गावाबद्दल आदर आहे. पण तो खड्डा मोरीच्या पाण्यासाठी आहे, रोजच्या दहावीस बादल्यांसाठी. मामाचं छत तीस बाय चाळीस फूट. 50 मिलिमीटर पावसात त्यावरून साडेपाच हजार लिटर पाणी उतरतं. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा रिकामा असला तरी अठराशे लिटरचा. दगड भरल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. तोही मुरमापर्यंत गेला असेल तरच उपयोगाचा. मामाचा खड्डा काळीतच संपला होता. खाली मुरूम आणखी हातभर खोल होता, हे पुढे उकरल्यावर कळलं.

शेवटी एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलो. बैलांची खांदेमळणी चालली होती. मेमध्ये घेतला होता त्याच्या शेजारीच खड्डा घेतला. भेग कुठेच नव्हती, फावड्याला माती लोण्यासारखी चिकटत होती. खड्डा भरला. पाणी वाफ होऊन उडालं असं कुणी म्हणू नये म्हणून वर ताट झाकलं. संध्याकाळी ताट उचललं तर पातळी किंचित उतरलेली. पुन्हा रेघेपर्यंत भरलं आणि झोपलो. पहाटे बॅटरी घेऊन पाहिलं. पाणी फूटपट्टीच्या त्याच रेघेवर होतं, वर एक किडा तरंगत होता.

मामाने काही विचारलं नाही. बैलांना नैवेद्य दाखवून झाल्यावर त्याने पहार घेतली, अंगणाच्या खालच्या कोपऱ्यातून ओढ्याकडे चर आखला आणि दुपारपर्यंत आम्ही दोघांनी तो खणला. अंगणातलं पाणी दिवे लागायच्या आत निघून गेलं.

तुमचा प्लॉट काळीत असेल आणि कुणी उन्हाळ्यात येऊन पाणी जिरण्याचा आकडा सांगत असेल, तर त्याला पोळ्यानंतर पुन्हा बोलवा. आदल्या रात्री खड्डा भिजवून ठेवा आणि वर ताट झाकायला विसरू नका.