हिणवणाऱ्या शब्दांची नोंद : अमळनेर १९५२ ते २०२४

१९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी. मराठी व्युत्पत्तिकोश त्यांनी १९४६ मध्येच पुरा केलेला. त्यानंतर अखिल भारतीय संमेलन या गावी परतले ते थेट २०२४ मध्ये. एवढ्या काळात आपल्या कोशांनी टवाळीच्या शब्दांना कितपत न्याय दिला?

पाया आधीच घातलेला होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. कोणता शब्द तुच्छतेने वापरतात, हेही त्याने जागोजागी नोंदले. १८४७ मध्ये कँडीने इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. उलट दिशेची ही वाट अवघड. टिंगल, कुचेष्टा, हेटाळणी, टोमणा, वाकुल्या असे पाचसहा शब्द एका इंग्रजी शब्दापुढे सहज मांडता येतात. पण वाकुल्या पोरे दाखवतात, टोमणा सासरी बसतो आणि हेटाळणी वरचा खालच्याची करतो. ओळीने मांडलेल्या प्रतिशब्दांत हे नाते हरवते. इंग्रजीतला 'सारकॅझम' ग्रीकातून आला. तिथे त्याच्या मुळाशी मांस ओरबाडणे आहे. 'उपरोध' या प्रतिशब्दाला ती नखे नाहीत. आपल्या 'बोचरे', 'जिव्हारी लागणारे' या शब्दांना आहेत.

अमळनेर ज्या खानदेशात आहे, त्या खानदेशाला हा विषय कोशापुरता कधीच नव्हता. १९०७ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजेच अहिराणी, भिली भाषांच्या खंडात गेली. मग ती मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद चालत राहिला. वर्गात मात्र निकाल कधीच लागला होता. 'आहे'ऐवजी 'शे' म्हणणारे पोर हसण्यावारी जाई, आणि घरी उत्तम अहिराणी बोलणारा माणूस परगावी तोंड मिटून बसे. ज्यांची हेटाळणी झाली, त्यांचेच हेटाळणीचे शब्द प्रमाण कोशांत फारसे पोचले नाहीत, हा मला अन्याय वाटतो. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी-मराठी शब्दकोश म्हणूनच मोलाचा. एकट्याने उचललेले ते काम आता अनेकांनी पुढे न्यायला हवे.

खानदेशातल्या शाळा-महाविद्यालयांना माझी विनंती आहे. घरातल्या जुन्या माणसांकडून टवाळीचे, टोमण्यांचे अहिराणी शब्द आत्ताच टिपून घ्या; आणि कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो, तेही सोबत लिहा.